पाचव्या खणातलं चाक

१

पाहुणा जेवून उठला आणि हात पुसता पुसता "येतो मंग" म्हणाला, की मी गुपचूप अंगणात सटकायचो. काडेपेटीतली काडी त्याच्या स्कूटरच्या व्हॉल्व्हमध्ये दाबून धरायची. फुस्स. चाक जमिनीला टेकलं, की तीच काडी दातांत धरून मी घरात परत. पाहुणा बाहेर जाई, चाक पाही, कपाळाला हात लावी आणि मुक्कामाला राही. आशाबाई, म्हणजे माझी बायको, मला शिव्या देत पुन्हा पिठलं टाकी, आणि गप्पा अशा रंगत की कोंबडं आरवलं तरी कोणाला पत्ता नसे. अमरावतीत त्या काळी आमच्या घरातून त्याच दिवशी परत गेलेला माणूस मला आठवत नाही.

सगळ्यात जास्त हवा गेली ती माझ्या मोठ्या साळ्याची. भगवंतराव अकोल्याला कचेरीत होते. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं तोलून मापून. त्यांनी डिकीत पंप ठेवायला सुरुवात केली, तर मी पंप लपवला. मग ते रेल्वेनं यायला लागले, तर मी भिंतीवरचं घड्याळ मागं केलं. "जवाईबापू, तुमी शिकले असते ना, तर लय मोठे चोर झाले असते," ते म्हणायचे. मी सातवी. तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पास.

आता ती मजा राहिली नाही. आता गाडीच चुगली करते. आमचा किशोर पुण्याला नोकरीला आहे. मागं एकदा तो नवी कार घेऊन आला, आणि निघायच्या दिवशी सकाळी सवयीनं माझा हात काडेपेटीकडं गेला. पोरगं गाडीत बसलं, समोर नजर टाकली, आणि काच खाली करून म्हणालं, "बाबा, मागचं डावं चाक. काडी टाका खाली."

मी उभ्याउभ्या म्हातारा झालो.

२

चाकांची चुगली करणारा तसलाच एक डबा किशोरनं आमच्या जुन्या कारलाही बसवून दिला. तळहाताएवढा, उन्हावर चालणारा, समोरच्या काचेपाशी चिकटवलेला. त्यात पाच खण. चार खण चार चाकांचे, मधला पाचवा स्टेपनीचा. चाकाच्या आत, रिमला एक बोटभर यंत्र लावतात, ते आतून हवा किती आणि चाक गरम किती हे डब्याला सांगत राहतं. त्याचं इंग्रजी नाव मला येतं, पण मी त्याला किडा म्हणतो.

ह्या भाऊबीजेला आशाबाई भगवंतरावांना ओवाळायला माझ्यासोबत अकोल्याला गेली होती. किशोरही होता. मामाच्या गल्लीच्या तोंडाशीच कुंदनचं टायरचं दुकान, तर किशोरनं चारही चाकं बदलायला काढली. जुन्या लोखंडी रिम जाऊन चकचकीत नव्या येणार. कुंदन हे एक बोलघेवडं पोट्टं. जुन्या चाकांतले तीन किडे त्यानं काढून नव्यात लावले. चौथ्याचा नट गंजून असा बसला होता की निघेना.

"काकाजी, हा तोडला तरच निघते. राहू द्या. नव्या चाकाले नवा लावतो."

"मंग जुना आत बसून काय करीन?"

"काई नाई. तुमच्या डब्यात स्टेपनीचा खण रिकामा हाय, त्यात त्याचं नाव टाकून ठेवतो. पण तो बोलणारच नाई तुमच्यासंगं. चाक फिरलं तरच तो जागा होते. अन् दहा-पंधरा पावलांच्या पलीकडं त्याचा आवाज जात नाई."

"म्हंजे माह्या बायकोच्या उलट," मी म्हणालो. आशाबाईनं पिशवी उगारली. भगवंतराव दुकानापर्यंत आले होते, ते चष्मा काढून हसले. शर्टाला इस्त्री होतीच.

जुनी चाकं डिकीत आणि मागच्या सीटवर घालून आम्ही परत आलो, आणि पुंजाजीनं ती पाहिली.

पुंजाजी माझा लंगोटीयार, दोन घरं सोडून राहतो. आमच्या मोहल्ल्याच्या स्वर्गरथाची किल्ली त्याच्या कमरेला असते. स्वर्गरथ म्हणजे लोखंडी गाडा, वर पत्र्याचं छत, बाजूला झेंडूच्या माळा अडकवायला आकडे, मागं ढकलायला दांडा. माणूस गेला की त्यावर ठेवतात आणि मोहल्ला ढकलत ढकलत नेतो. मागल्या वेळी भर चौकात त्याचं एक चाक फाटलं होतं. मयत एका अंगाला कलली, वाहतूक तुंबली, आणि पुंजाजीला लोकांनी फार बोल लावले होते.

"दे ना बे ती चाकं," पुंजाजी म्हणाला. "पुण्य लागीन."

"घेऊन जाय. कधी तरी मलेच लागतीन."

आशाबाई दारात उभी होती. ती हसली नाही. "ज्या चाकांवर मी माहेरी गेली, ते त्या गाड्याले लावता? मले नाई आवडलं."

"चाकाले काय कळते वर कोण बसलं ते?" मी म्हणालो. चाकं रथाला बसली. गंजलेल्या नटातला किडाही त्यांच्यासोबत गेला.

३

दर शनिवारी आम्ही अकोल्याला जायचो. डॉक्टरनं आशाबाईच्या हृदयात स्प्रिंग टाकल्यापासून तिला एकटीला बसनं पाठवत नव्हतो. सकाळचं जेवण उरकायचं, बडनेऱ्याच्या पुढं महामार्गाला लागायचं, मूर्तिजापूरला चहा घ्यायचा. एका शनिवारी असंच निघालो होतो. हिवाळ्याचं ऊन. शेतात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. आशाबाई शेजारी बसून संत्र्याच्या फोडी सोलून माझ्या तोंडात घालत होती, आणि मी तिचं बोट चावत होतो.

कुरुम मागं पडलं आणि डबा टींग वाजला.

मधला खण उजळला होता. हवा तीस. बाजूला गरमीचा आकडा, तो वर वर चाललेला.

मी हसलोच. रस्त्यावर हजार गाड्या, कोणाच्या तरी चाकातला किडा चुकून आमच्याशी बोलून राहिला. मागं एक पांढरी गाडी होती, तिला मी पुढं जाऊ दिलं. खण तसाच. समोर ट्रक होता, त्याला मी मागं टाकलं. खण तसाच. मग रस्ता रिकामा झाला. पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही, आणि आमच्यापासून दहा-पंधरा पावलांच्या आत एक चाक आमच्याच वेगानं चालून राहिलं होतं.

"काहून गप्प झाले?" आशाबाईनं विचारलं.

"तुह्या भावासाठी नवी फजिती शोधून राहिलो."

मूर्तिजापूरला तिच्यासाठी चहा सांगितला आणि बाजूला जाऊन पुंजाजीला फोन लावला.

"रथ कुठी हाय बे?"

"कुठी राहीन? खोलीत. कुलपात. काहून, बुकिंग करतं काय?"

"मले सूट देशीन?"

"तुले फुकट नेतो. तोंड बांधून."

दोघंही हसलो. चहा होईपर्यंत पाचही खण विझले. गाडी सुरू केली, दोन वळणं गेलो, आणि चारांच्या आधी पाचवा उजळला.

४

भगवंतरावांच्या फाटकाशी मी गाडी लावली. दुपारची गल्ली, सगळी दारं लोटलेली. आशाबाई पिशव्या घेऊन आत गेली. मी मुद्दाम बसून राहिलो. थोड्या वेळानं आमच्या चार चाकांचे आकडे झोपले, जसे झोपायचे तसे. मधला जागा.

गाडी उभी होती. आमचं एकही चाक फिरत नव्हतं. पण ते एक फिरत होतं.

मी काच खाली केली. आधी काही नाही. मग कंपाउंडच्या भिंतीपलीकडून, घराच्या मागच्या अंगानं, बारीक आवाज आला. कर्र. टक. कर्र. टक. आमच्या जुन्या रिम रथाच्या आसाला नीट बसल्या नव्हत्या, पुंजाजीनं पाचर ठोकली होती, आणि दर फेऱ्याला ती टक वाजायची. तो आवाज मी ओळखत होतो. आवाज भिंतीच्या कडेकडेनं घराला वळसा घालून चालला होता, घाई नसलेल्या माणसासारखा.

मी उतरून मागं गेलो. मागं दोन हात रुंद बोळ. त्यातून हातगाडीही जाणार नाही. धुणं वाळत होतं. एक मांजर भिंतीवर बसून खाली बघत होतं. काही जाताना बघावं तशी त्याची मान हळूहळू वळत गेली.

भगवंतराव ठणठणीत होते. जेवले, पान खाल्लं. निघताना मला फाटकाशी थांबवून म्हणाले, "जवाईबापू, एक सांगू? मले माहीत होतं पंप तुमी कुठी लपवता ते. गव्हाच्या कोठीमागं."

"मंग काढत काहून नव्हते?"

"राहायचं असे मले."

त्याच आठवड्यात, दुपारी, वर्तमानपत्र वाचता वाचता ते गेले. खुर्चीतच. चष्मा डोळ्यांवर तसाच.

ऐंशीच्या पुढं होते. साखर होती. मी स्वतःला हेच सांगितलं, आणि त्यांना पोचवून आल्यावर रडून घेतलं. मला रडताना पाहून मोहल्ल्याला वाटलं की हा काहीतरी सोंग करतो आहे.

५

डबा काचेवरून निघतो. खिशात घातला तरी दिवसभर जीव धरतो. तो घेऊन मी पुंजाजीकडं गेलो.

"रथ बाहेर काढ. थोडासा ढकलू."

"कोण मेलं?"

"कोणी नाई. मले पाह्यचं हाय."

रथाची खोली देवळामागं आहे. एक दार, खिडकी नाही, आत कायम ओल आणि सुकलेल्या झेंडूचा वास. पुंजाजीनं कुलूप काढलं. आम्ही दोघांनी दांडा धरून रथ उंबऱ्यापर्यंत ढकलला. टींग. मधला खण उजळला. म्हणजे किडा तोच, चाक तेच. मी डबा घेऊन चौकापर्यंत चालत गेलो, खण विझला. म्हणजे कुंदन खोटं बोलला नव्हता. सगळं हिशेबात बसत होतं, आणि म्हणूनच काही बसत नव्हतं. इथलं चाक तिकडं कुरुमपाशी माझ्याशी कसं बोललं?

पुंजाजी रथ परत आत लोटत होता. मी सहज वाकून त्या चाकावर हात ठेवला.

मार्गशीर्षातली थंडी. खोलीच्या भिंती बर्फागत. रथाचा लोखंडी दांडा हाताला झोंबत होता. आणि ते टायर नुकत्याच तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं गरम होतं.

"पुंज्या, हात लाव इथं."

त्यानं लावला. काढला. धोतराला पुसला. "ऊन लागलं असन."

"खिडकी कुठी हाय इथं?"

त्यानं मला नीट पाहिलं. साठ वर्षांत मी त्याच्या बिछान्यात बेडूक घातला आहे, त्याच्या मिशा झोपेत एका बाजूनं कापल्या आहेत. "खुशाल," तो माझं नाव घेऊन म्हणाला, "ह्या गाड्यावर थट्टा नको करू बाप्पा. गरम करून ठेवलं असशीन तूच."

कुलूप लागलं. त्या दिवसापासून मला खरं बोलायची चोरी झाली. किशोरला फोन केला, तर तो म्हणाला, "बाबा, काय नवीन शेंडी लावून राहिले?" आशाबाईला सांगायचं तर तिच्या छातीत स्प्रिंग.

किडा काढून फेकावा असंही मनात आलं. पण किडा काढला म्हणून चाक थांबणार थोडंच. मला कळायचं तेवढं थांबेल.

६

परतवाड्याला एक लग्न होतं. मांडवाबाहेर गाडी लावली, बॅन्ड वाजत होता, नवरदेव घोड्यावरून उतरत होता. टींग. मधला खण. मी डबा उपडा केला आणि रुमाल टाकला. पंगतीत जिलबी वाढायला आलेल्या माणसाकडं, वरमाईकडं, शेजारच्या पानावरच्या म्हाताऱ्याकडं, कोणाकडंही मी वर मान करून पाहिलं नाही. परतताना आशाबाई म्हणाली, "आज एकाची पण टिंगल नाई केली तुमी. ताप हाय का?"

नंतर तिकडची बातमी मी कोणाला विचारली नाही. तिकडून फोन आला की मी तो आशाबाईकडं देऊन अंगणात जायचो.

७

मग एका सकाळी डबा आमच्याच पोर्चमध्ये वाजला.

गाडी रात्रीपासून उभी होती. मी तिच्यावर फडकं मारत होतो. आशाबाई ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. टींग. हवा तीस. आणि कंपाउंडच्या बाहेरून, सीताफळाच्या झाडामागून, कर्र. टक. कर्र. टक. घराला वळसा.

ह्या घरात आम्ही दोनच माणसं. ती आणि मी.

मला माझं काही वाटलं नाही, हे थट्टेनं म्हणत नाही. मी भरपूर जगलो आणि जगताना इतरांना पुरेसा त्रास दिला. पण ती शेंगा सोलता सोलता काही तरी गुणगुणत होती, अर्ध्यात विसरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि माझ्या हातातलं फडकं गळलं.

मी विचार केला. आयुष्यभर जे जमलं तेच करायचं. ज्याला जायची घाई, त्याची हवा सोडायची.

दुपारी पुंजाजी झोपलेला असताना त्याच्या सुनेकडून किल्ली मागून घेतली. खोलीत उकिडवा बसलो. काडी दाबली. फुस्स. खिशातला डबा हातात धरून बघत होतो. बसायच्या आधी रथ जरा मागंपुढं ढकलला होता, म्हणून किडा जागाच होता. आकडा उतरत उतरत शून्यावर आला. रथ त्या अंगाला कलला. मी त्या अंधाऱ्या खोलीत एकटा खो खो हसलो. गंमत सांगू? बरं वाटलं. भगवंतरावांच्या स्कूटरपाशी वाटायचं तसंच.

तो दिवस गेला, रात्र गेली. डबा गप्प. सकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आशाबाईच्या वेणीला चिमटा लावून तो खुर्चीला अडकवला, तिनं लाटणं फेकून मारलं. घर पूर्वीसारखं झालं.

ऊन वर आलं आणि टींग.

मधला खण. हवा शून्य. गरमी चढलेली, चढत चाललेली.

हवा नसलेलं चाक चाललं की काय आवाज येतो ते टायरवाल्याला आणि माझ्यासारख्याला माहीत असतं. रबर रिमखाली दुमडतं आणि जमिनीवर आपटतं. थप्. थप्. थप्. गल्लीच्या तोंडापासून आवाज येत होता. हळू, ओढत. पण येत होता.

८

"आशा, चाल. गाडीत बस."

"आत्ता? कुठी?"

"माहेरी."

ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडं पाहत राहिली. "माहेरी कोण हाय आता?"

मी तिच्या चपला पुढं सरकवल्या. तिची शाल घेतली, घराला कुलूप लावलं, आणि गाडी अशी काढली की समोरचं कुत्रं गटारात उडी मारून वाचलं. बडनेरा येईपर्यंत खण विझला. फुसक्या चाकाला वेग धरवत नव्हता! मी स्टिअरिंगवर ताल धरला. आशाबाई आधी रागावली होती, पण ऊन, वारा आणि रिकामा रस्ता मिळाल्यावर तिचंही मन हललं. कुरुमच्या अलीकडं रस्त्याला लागून एक मोठं निंबाचं झाड आहे.

"थांबा थांबा," ती म्हणाली. "हे ते नव्हे काय?"

तेच होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मोटरसायकल इथंच पंक्चर झाली होती. मी सावलीत बसून हुकूम सोडत होतो आणि ही नऊवारीचा काष्टा खोचून पंप मारत होती. त्या दिवशी कळलं होतं की हिच्याशी आपलं जमणार.

मी थांबायला नको होतं. पण ती इतकी हसत होती.

झाडाखाली बसलो. तिनं पिशवीतून फुटाणे काढले. ती त्या दिवसाचं सांगत होती, मी नसलेल्या गोष्टी त्यात घुसवत होतो, ती खोडून काढत होती. डबा माझ्या खिशात होता.

टींग.

म्हणजे थांबलं की ते गाठणार. जन्मभर तर गाडी पळवता येणार नाही. पण मग मला निदान एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती कळायचा रस्ता माझ्या हातात होता. दहा-पंधरा पावलांच्या पलीकडं ते बोलत नाही. मी डबा घेऊन हिच्यापासून लांब चालत गेलो, आणि खण विझला, तर ते हिच्यापाशी थांबलं. उजळलेलाच राहिला, तर ते माझ्यामागं आलं.

"आलोच," मी म्हणालो. "लघवीले."

शेतात उतरलो. पऱ्हाट्या उपटून टाकलेलं काळं रान, ढेकळं पायाखाली फुटत होती. मी डब्यावरून नजर काढली नाही. हवा शून्य. चालत राहिलो. झाडापासून चांगला लांब आलो. हवा शून्य. खण जागा. अजून लांब गेलो. मागं, अगदी जवळ, मऊ मातीत दबकं थप्. थप्.

माझ्यामागं! माझ्यासाठी! मी सांगतो, असा आनंद मला पोरगं झालं तेव्हाही झाला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं. मी हसत मागं वळलो.

माझ्या पाठीशी, चार पावलांवर, आशाबाई उभी होती. हातात पाण्याची बाटली. दम लागलेला.

"किती दूर चालले? अन् पाण्याबिगर? हाका मारून राहिली मी."

मी तिच्याकडं पाहत राहिलो. झाडापासून इथपर्यंत ती माझ्या पावलावर पाऊल टाकत आली होती.

"असे काय पाहता?" ती म्हणाली. आणि बोलता बोलता, पदर सावरून, मागं न बघता, ती दोन पावलं बाजूला सरकली. गल्लीत गाडी आली की माणूस वाट देतो, तशी.

तिनं सोडलेल्या जागेत माती दबली. आधी एका अंगाला, सरळ, बारीक नक्षीचा पट्टा. मग दुसऱ्या अंगाला रुंद, पसरलेला, कडा दुमडलेला. मधल्या वाळक्या काड्या वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. दोन्ही पट्टे आमच्या दोघांच्या मध्ये आले आणि थांबले. झेंडूचा वास आला. ढेकूळ फुटल्याचा आवाज आला. मग काही नाही.

मी ते पट्टे ओलांडून तिच्याकडं गेलो. ओलांडताना पोटऱ्यांना ऊब लागली. तिचा हात धरला.

"लोक पाहतीन ना," ती म्हणाली.

"पाहू दे."

डबा हातातच होता. तिला तिथं उभी करून पुन्हा चालून बघता आलं असतं. मी बघितलं नाही.

९

दुसऱ्या दिवशी पुंजाजी तणतणत आला. रथाचं एक टायर चिंध्या झालं होतं, रिम वाकली होती, फटींत काळी माती भरली होती. "देवळामागं सिमेंट हाय, मसणापर्यंत सिमेंट हाय. शेतात कोणी नेला बे माहा रथ?" मी म्हणालो, मीच. त्याला एवढंच हवं होतं. शिव्या देऊन गेला. आता तो दुसरं चाक बघतो आहे, मिळालं की बसवीन म्हणतो.

मी एक गोष्ट धरून बसलो आहे. त्या रानात ते आमच्या दोघांच्या मध्ये येऊन थांबलं. पुढं सरकलं नाही. कोणाला न्यायचं ते त्यालाही कळलं नसावं. मग कळूच द्यायचं नाही. मी आशाबाईला दहा पावलांच्या पलीकडं जाऊ देत नाही. ती पोळ्या लाटते, मी ओट्याला टेकून उभा. ती न्हाते, मी दारापाशी वर्तमानपत्र उलटं धरून. ती गच्चीवर पापड घालते, मी बांबू घेऊन कावळे हाकतो. मोहल्ला हसतो. म्हातारपणी बायकोचं येड लागलं म्हणतात. मी पण हसतो. दिवसातून एकदा खण उजळतो, घराला वळसा पडतो, थप्, थप्, ते फाटकाशी थांबतं, पुन्हा निघून जातं.

पण आज सकाळपासून तिनं कपाटातली जांभळी साडी काढून ठेवली आहे. शेजारच्या गल्लीत हळदीकुंकू आहे.

"मी पण येतो," मी म्हणालो.

"बायांत? वाण घ्याले?"

"व्हय."

"तुमी का येडे झाले? अर्ध्या तासात येते मी. तवरोक बसा टीव्ही पाहत." ती आरशासमोर उभी राहून कुंकू नीट करत होती. आरशातूनच माझ्याकडं बघून हसली, पहिल्या वर्षी हसायची तशी.

खिशात डबा वाजला. मी चपला घातल्या, तिच्या आधी फाटकापाशी गेलो, आणि कडीवर हात ठेवून उभा राहिलो.